किसनने अडवून धरलेली फ्लेक्सप्लेट

हर्सूलच्या तुरुंगातून आम्ही सुटलो ती सकाळ. नामांतराच्या सत्याग्रहात धरलेले आम्ही सगळे... दाराशी हार, निळे झेंडे, जयभीमच्या घोषणा. आणि गर्दीच्या कडेला माझा दोस्त किसन, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभा.

मला वाटलं, पिशोरहून घरच्या शेंगा आणल्या असतील. उघडून बघतो तर फ्लेक्सप्लेट!

चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. किसन धनगराघरचा, इंजिनात त्याचा हात बसलेला. मी मिलिंग मशीनवर. मालकांना शर्यतीचा भारी नाद. त्यांच्या जुन्या, ऑटोमॅटिक अमेरिकन गाडीसाठी त्यांनी मुंबईहून जास्त दमाचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, मागवला होता... पण त्याची भोकं जुन्या फ्लेक्सप्लेटशी जुळेनात. फ्लेक्सप्लेट म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टरला जोडणारी पातळ पोलादी चकती.

मी आत होतो तेव्हाची ही गोष्ट. मालक म्हणाले, कानस मारून भोकं लांबवा. किसन अडून बसला. "चकती जरा जरी हलली तर जोरात फिरताना फुटंल, मालक. तुमच्या पायाजवळ असती ती."

नवी भोकं नेमक्या वर्तुळात पाडायला हवी होती. आणि ती म्हणे माझ्याशिवाय कुणालाच जमणार नव्हती, असं किसनने मालकांना ठासून सांगितलं!

इकडे माझी नोकरी गेल्यात जमा होती. 'आंदोलनवाला परत नको,' असं मालक बोलून बसलेले. शर्यत तोंडावर आली तेव्हा मात्र त्यांनीच किसनला धाडलं... जा, घेऊन ये त्याला.

घरी आईला भेटलो, भाकरी खाल्ली आणि दुपारी मशीनवर उभा राहिलो. भोकं पाडली, चकतीचा तोल तपासला, किसनने ती बसवली. गाडी चालू झाली... कुठं थरथर नाही. मालक बॉनेटवर हात ठेवून नुसते ऐकत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून वेळेवर येत जा."

खरं सांगू? ते काम आमच्याच शॉपमधल्या आणखी दोघांना सहज जमलं असतं. मला ते माहीत होतं, किसनला तर पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "खोटं कशाला बोललास रे?"

"खोटं कुठं?" तो हाताचं ग्रीस पुसत म्हणाला. "तुझ्याबिगर मला नव्हतं जमत."

त्याच नोकरीवर माझं लग्न झालं, पोरं शिकली. फोनवर हा विषय काढला की किसन अजून लाजतो, म्हणतो, "जाऊ दे ना आता..." म्हणून आज इथं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.