व्याह्याचा टँकर

आमच्या उचगावात शेजारच्या आकारामला स्वस्थ बसलेला कुणी पाहिलेला नाही. पण त्या आठवड्यात त्यानं कहर केला. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या हातात पिशवी तरी द्या. एवढ्या फेऱ्यांत महिन्याची भाजी झाली असती."

कारण मला ठाऊक होतं; नाहीतर मी शेजारी कसला? आकाराम एका कंपनीत बसगाड्यांचं डिझेल बघतो. कबनूरपासून कसबा बावड्यापर्यंतचे कामगार त्या बसमधून येतात. ह्या नव्या गाड्यांना गंधक सोसत नाही. दहा लाख भागांत दहाच्या वर गेलं की धूर गाळणारी जाळी बिघडते आणि गाडी भर रस्त्यात मान टाकते. बरं, एवढंसं गंधक डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून नवीन पुरवठादाराचा टँकर आला की हा डब्यात नमुना भरतो, सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत थेंबही उतरवून घेत नाही.

ह्या खेपेचा पुरवठादार म्हणजे विजयसिंह पंपवाले. आणि रविवारी त्यांच्या राजवर्धनची आणि आकारामच्या क्रांतीची सुपारी फुटायची होती. पोरांनीच एकमेकांना पसंत केलेलं.

टँकर गुरुवारपासून कंपनीच्या आवारात उभा.

"व्हणाऱ्या व्याह्याचा टँकर उन्हात वाळत घातलास की रं," मी म्हटलं.

"डिझेल हाय, पापड न्हाय," म्हणाला आणि चप्पल शोधायला लागला. चप्पल पायातच होती.

शनिवारी दुपारी रिपोर्ट आला. गंधक अठ्ठेचाळीस.

"फोनवर सांगून मोकळा हो," मी म्हटलं.

"न्हाय. समोर जाऊन सांगायचं. गाडी काढ तुझी."

काढली. असला प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात काय मजा?

"या पावणं, च्या घ्या," विजयसिंह म्हणाले. आकाराम बसलाच नाही. "टँकर माघारी न्या. गंधक लई हाय," त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं.

राजवर्धन तिथंच होता; त्यानं लगेच ड्रायव्हरला फोन लावला. गडी आधी न्हाय न्हाय म्हणाला, मग कबूल झाला. डिझेल भरायच्या आदल्या दिवशी त्याच टँकरनं एका फौंड्रीला भट्टीचं तेल, म्हणजे गंधकाचं आगरच, पोचवलं होतं. टाकी धुवायची राहिली होती.

विजयसिंहांनी आवाज खाली आणला. "चूक झाली. टाकी धुतो, दुसरा नमुना घ्या. ह्यो रिपोर्ट तेवढा तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आपण आता सोयरं."

"दुसरा घेतो की. पर ह्यो सायबाकडं जाणार."

"म्हंजे काम गेलं माझं."

"जाईल बहुतेक."

"आन् उद्याची सुपारी?"

आकाराम दारापर्यंत जाऊन परत आला. "पोरगी माझी हाय," तो म्हणाला. "बसगाड्या माझ्या न्हाईत."

येताना मागच्या सीटवर तो इतका चुळबुळत होता, की मी दोनदा कलंडता कलंडता वाचलो. घरी क्रांतीनं सगळं ऐकून घेतलं. "आबा, बरोबर केलासा," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

रविवारी अकराची वेळ. बारा वाजले तरी कुणी नाही. साडेबाराला एकच जीप आली. तिच्यातून राजवर्धन उतरला आणि त्यानं हात धरून आपल्या आजीला, आक्काला, उतरवलं.

"विजयसिंह रुसलाय," आक्का टेकता टेकता म्हणाली. "आमच्यात समदी एकमेकाला सांभाळून घेत्यात. म्हणून टाक्या न धुता गाड्या भायेर पडत्यात. तुमची पोरगी आमच्यात पायजेच. सुपारी आणा."

"बापाबिगर?" आकाराम.

"बापाची आई आलीया की."

वहिनींनी ताट आणलं. क्रांती बाहेर आली. आकाराम मात्र पुन्हा गल्लीच्या तोंडाला, विजयसिंहांची गाडी दिसते का बघत उभा. गाडी काही आली नाही. शेवटी मीच त्याला दंडाला धरून आत आणला, तेव्हा कुठं सुपारी फुटली.