दहा ते साडेपाचचा ग्रुप

इंगळे सर गेले, हे मला कोणी सांगितलं नाही. ग्रुपनं सांगितलं.

आज सकाळचे दहा वाजले तरी तो उघडला नाही.

सात वर्षांत पहिल्यांदा.

सर जळगाव जामोदच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. त्यांनी लायब्ररीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला अन् तो लायब्ररीसारखाच चालवला. सकाळी दहाला सेटिंग बदलायचे, की सगळ्यांना लिहिता यायचं. साडेपाचला परत बदलायचे, मग ॲडमिनशिवाय कोणालाच नाही. रविवारी बंद.

रोज एका नव्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो. खाली कपाट नंबर. प्राध्यापक लोक लगेच, "माझ्यासाठी ठेवा", "दुसरा चॅप्टर स्कॅन करून पाठवा".

मी त्यात कसा?

चुकून. एका पोराला ॲड करताना सरांचा एक आकडा चुकला अन् मी आत गेलो. मी दुसरबीडचा, नववी नापास, तेव्हा सुरतला साड्यांच्या गोदामात.

मी पर्सनलवर लिहिलं, "कोण बे?"

"ग्रंथपाल."

"मी कॉलेजात नाही. काढा मले."

"आकडा माह्या हातानं चुकला. पण आता नाव रजिस्टरले चढलं. लायब्ररीच्या रजिस्टरमंधी खाडाखोड चालत नाही. नाव कमी कराचं तं कमिटीचा ठराव लागते."

"मंग करा ठराव."

"कमिटी मार्चमंधी बसते. तोवर वाच."

ग्रुप सोडायचं बटण माझ्याही फोनमध्ये होतं. अन् मी तर सोडण्यात एक्स्पर्ट. सुरत सोडलं, हैदराबाद सोडलं, पुण्यात अकरा दिवस टिकलो.

पण "तोवर वाच" असं मला शाळेतही कोणी म्हटलं नव्हतं.

मार्च आले अन् गेले. ठराव काही झाला नाही.

ग्रुपमध्ये कोणी फॉरवर्ड टाकला की सरांचे तीन प्रश्न ठरलेले. लेखक कोण? प्रकाशक कोण? साल कोणतं?

एकदा इतिहासाच्या सरांनी टाकलं, हळदीच्या पाण्यानं सगळे रोग जातात.

"सर, लेखक?"

"अहो इंगळे, पुढून आलं. मी पीएच.डी. माणूस, खोटं कशाला टाकीन?"

"तुमच्या पीएच.डी.ले तळटिपा होत्या ना सर? मंग हळदीनं काय पाप केलं?"

मी तिकडं साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून एकटाच हसत होतो.

मग होसूरला एका कारखान्यात आलो. फोर्कलिफ्टची टेस्ट होती. भीत भीत ग्रुपवर विचारलं, वजन उचलताना गाडी पुढं काऊन झुकते, याच्यावर पुस्तक असते का?

अर्ध्या तासात अकरावीच्या फिजिक्सची चार पानं आली. खाली सरांची ओळ: "कपाट ५, खालून दुसरा खण. तुले येता येत नाही म्हणून खणच तुह्याकडं पाठवला."

टेस्ट पास. ही एक नोकरी अजून सोडली नाही.

एकदा सुट्टीत तीन एसट्या बदलून जळगाव जामोदला गेलो, सरांना भेटायला. सरप्राइज म्हणून कळवलं नाही. पाहतो तर दाराला कुलूप. फोन लावला.

"सर, मी तुमच्या लायब्ररीच्या दारात उभा आहे."

"आज वार कोणता आहे बे?"

रविवार.

सर लग्नाला अकोल्यात. फोनवर पोट धरून हसले. "इतकी वर्षं वाचून राह्यला अन् टाइमटेबलच नाही वाचलं!"

भेट राहिली ती राहिलीच. डीपीवरही त्यांचा चेहरा नव्हता. लायब्ररीचा गोल शिक्का होता.

मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

"आठ दिवस फोन बंद. तुले ॲडमिन केलं. चावी सांभाळ."

"सर, इतके प्रोफेसर सोडून मले?"

"त्याईले देऊन पाह्यली. रविवारी उघडून वाढदिवस केला त्याईनं. तू कारखान्यात हजेरीचं पंचिंग करणारा माणूस. तुले घड्याळ समजते."

नंतर चावी परत घ्यायचं विसरले. विसरले की मुद्दाम ठेवली, काय माहीत.

आज सव्वादहाला इतिहासाच्या सरांचा मेसेज आला. "इंगळे पहाटे गेले. हार्ट. सगळ्यांना ग्रुपवर लिहायचं आहे, पण ग्रुप बंद आहे. ॲडमिनमध्ये तुमचा नंबर दिसतो. आपण कोणत्या डिपार्टमेंटला?"

मी गाडी बंद केली. खाली उतरलो. खोक्यांच्या मागं जाऊन थोडं रडून घेतलं.

मग खरं ते लिहिलं. दुसरबीड. नववी नापास. होसूरला फोर्कलिफ्ट चालवतो.

दोन निळ्या टिक्स. मग:

"मला ॲडमिन करा. ग्रुप कॉलेजचा आहे. बाहेरचे नंबर काढावे लागतील."

त्यांचं चूक नव्हतं. पण सुरतपासून आजवर मी न सोडलेली ती एकच जागा होती.

मी त्यांना ॲडमिन केलं. अन् लिहिलं:

"चावी दिली सर. आता तुम्ही मले काढू शकता. फक्त नाव कमी कराले कमिटीचा ठराव लागते. कमिटी मार्चमंधी बसते."

टायपिंग... थांबलं.

टायपिंग... थांबलं.

"मार्च तर लांब आहे रे."

"तोवर वाचा, सर."

त्यांनी फोनच लावला. थोडं हसणं, थोडं नाक ओढणं. शेवटी म्हणाले, "तूच उघड. त्यांनी चावी तुला दिली होती."

अकराला ग्रुप उघडला. दिवसभर लोक लिहीत होते. कोणीतरी श्रद्धांजलीची कविता फॉरवर्ड केली, तर इतिहासाचे सर लगेच, "लेखक कोण?"

साडेपाचला बंद केला. दोघं-तिघं अजून लिहीत होते. त्यांना उद्या या म्हटलं.

गोल शिक्क्याचा नंबर मेंबर लिस्टमध्ये आहे तसाच आहे. तो कोणी काढायचा नाही. खाडाखोड चालत नाही आपल्यात.

सर, होसूरहून हात जोडतो. तुमची भेट बाकी, बाकी सगळं मिळालं.

उद्या दहाला उघडतो.