पाठमोरी खुर्ची

माझे सासरे आप्पा कबड्डीच्या मैदानावर सगळ्यांच्या आधी पोहोचत आणि घडीची खुर्ची मैदानाकडे पाठ करून मांडत. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून उलटी मांडली असेल. सरळ करायला गेले, तर म्हणाले, "राहू दे पोरी. मी बघितलं की आपली पोरं हरतात."

आपली पोरं म्हणजे सायखेड्याचा संघ. आप्पांचा सगळा जन्म त्या गावात गेलेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे नाशिकला, द्वारका चौकाजवळ राहायला आले, पण सामन्याच्या रविवारी सकाळपासून चपला घालून तयार. माझा नवरा विलास गाडी काढेपर्यंत त्यांना धीर नसे. गावाहून माझे थोरले दीर भास्करदादा आणि जाऊबाई थेट मैदानावर येत.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण आमची लग्नपत्रिका. छापून आणायचं काम विलासकडे होतं. निमंत्रकांत आप्पांच्या खालोखाल थोरल्या भावाचं नाव हवं, नेमकं तेच गळलं, आणि ह्या शहाण्याने न वाचताच गठ्ठा उचलला. गावभर वाटून झाल्यावर एक पत्रिका दादांच्या हातात पडली. दादा लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. चूक माझी नव्हती, तरी ज्या घरात आले ते माझ्याच पत्रिकेने तुटलं, हे मला फार लागलं होतं.

आप्पा ह्या भांडणाबद्दल चकार शब्द काढत नसत. पण पाठ करून बसलेल्या माणसाला सामना कोणीतरी सांगायला हवा, म्हणून त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून हद्दी आखून दिल्या होत्या. "डावी बाजू भास्करची, उजवी विलासची. आपापल्या हद्दीतलं सांगायचं. दुसऱ्याच्यात तोंड घालायचं नाय." आता चढाई करणारा काही एका बाजूला थांबतो का? दादा सांगत, "आत घुसला, कोपऱ्याला हात घातला, आता तिकडं..." की पुढचं विलासने उचलायचं, "धरला! नाय नाय, सुटला!" कोणी उशीर केला की आप्पा कावत, "अरे भो, पोरगं मधीच लटकलं ना! कोन घेतंय त्याला?"

मला चैन पडेना. आप्पांनी पाठ करूनही आमचा संघ काही कमी हरत नव्हता. डोळे अधू झाले म्हणावं, तर म्हातारा चष्म्याशिवाय तांदळातले खडे निवडायचा. नवस वगैरे आहे का, असं जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छे गं, आधी सरळच बसायचे. तुझ्या लग्नानंतरचं खूळ हाय हे." मी चरकले. माझ्या पायगुणावर तर ठपका नाही ना?

वणीला पहिल्याच फेरीत हरून परतताना शेवटी गाडीत धीर केला. "आप्पा, तुम्ही पाठ केली तरी हरलोच की. मग एकदा सरळ बसून बघा ना."

"तुला कोनी सांगितलं, मी मॅच बघाया येतो?"

"मग काय बघता?"

"काच वर घे. वारं लागतंय लय."

पुढच्याच महिन्यात एका चुरशीच्या सामन्यात विलास स्वतःला विसरून ओरडला, "दादा, तुझ्याकडं आला बघ!" दादाही त्याच भरात म्हणाले, "आला, आला! पाय धरला रे, इलास!" हद्द मोडली म्हणून आप्पा रागावतील असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "चहा सांगा कोनीतरी." त्या संध्याकाळी दादा आमच्याकडे प्रथमच जेवले. आप्पांनी मात्र खुर्ची त्यानंतरही सरळ केली नाही.

मागच्या थंडीत आप्पा गेले. त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला दादांनी सवयीने खुर्ची आणली आणि सवयीनेच उलटी मांडली. शिट्टी झाली, चढाया सुरू झाल्या, पण दोघे भाऊ मुके. सांगायचं कोणाला? मला ते बघवेना. मी उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"सांगा," मी म्हटलं.

दादांनी सुरुवात केली. "निघाला... डावीकडून आत घुसतोय..." आणि ते डोळे पुसू लागले. विलासने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हद्द सोडून डावीकडचंही तोच सांगू लागला. पाठीमागे मैदान गर्जत होतं. माझ्यासमोर जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली होती, दादा डोळे पुसता पुसता "सुटला! सुटला!" म्हणून ओरडत होते आणि विलासचा हात त्यांच्या खांद्यावरून निघाला नव्हता. आप्पा इतके रविवार काय बघत होते, ते मला कळलं.

"अगं, वळ ना!" जाऊबाई ओरडल्या. "शेवटची चढाई हाय!"

"राहू द्या," मी म्हटलं. "मी बघतेय."