पावसाआधी भरलेले चार हप्ते

ऐंशीच्या दशकात माझी नोकरी भामरागडला होती आणि बायको-मुलं चंद्रपूरला भाड्याच्या खोलीत. नद्या चढल्या की रस्ता बंद व्हायचा. म्हणून तिकडचे आम्ही सगळे मे महिन्यातच पावसाळ्याचं धान्य, मीठ, रॉकेल भरून ठेवायचो. देणीही तशीच आधी उरकायचो. बायकोची शिलाई मशीन बारा हप्त्यांवर घेतली होती, हप्ता ऐंशी रुपये. मेपर्यंतचे चार दिले, जून ते सप्टेंबरचे चार आगाऊ भरले आणि निर्धास्त झालो.

ऑक्टोबरात घरी आलो तर मशीनची जागा रिकामी. आदल्या दिवशी दुकानाची माणसं ती उचलून घेऊन गेली होती, सुईखालच्या ब्लाउजसकट. दिवाळी आठवड्यावर आलेली. गिऱ्हाइकांची कापडं कापून पडलेली.

"लोकायले काय सांगू मी?" बायको म्हणाली. मुलांच्या शाळेचा खर्च तिच्या शिलाईवर चालायचा. दिवाळीला फसवलेली गिऱ्हाइकं परत आली नसती.

कापडांचं गाठोडं तिच्या काखेत, तसेच दोघं दुकानात गेलो. वाटेत ती दोन-तीन दारांशी थांबली.

"आगाऊ पैसे शेवटच्या हप्त्यांत धरतो आम्ही, भाऊ," दुकानदार म्हणाला. "जून ते सप्टेंबर तुमचे कोरेच. साठ रुपये दंड द्या."

मी आगाऊ भरल्याची पावती काढली. तिच्यावर नुसती रक्कम होती, महिने नव्हते.

"तुमच्या हिशेबानं असो की माझ्या, आठ भरले, चार राहिले," मी म्हणालो. "हे तीनशे वीस. सगळे फिटल्याची पावती द्या."

"पहिले दंड."

"दंड कशाचा?"

"मंग मशीन राहू द्या इथीच. परवा दुसऱ्याले विकतो."

नोटांवर माझा हात होता. तो मी उचलला नाही. त्यानंही पावतीपुस्तक उघडलं नाही.

तेवढ्यात मागून मशीनचा आवाज आला. बायको दुकानातल्याच स्टुलावर बसून तो अडकलेला ब्लाउज शिवत होती.

"ओ बाई, काय करून राह्यल्या?"

"शिवून राह्यली, भाऊ. मशीन इथी तर मीबी इथीच. बायायले सांगून आली, कपडे इथूनच न्या म्हणून."

खरंच दोघी आल्या. एकीनं दुकानदाराला विचारलं, "काऊन जी, आता तुमीच शिवता का ब्लाउज?" दुसरीनं मशीन कशी उचलून आणली ते मोठ्यानं सांगितलं. मशीन बघायला आलेलं एक जोडपं हे ऐकून आल्या पावली वळलं.

दुकानदारानं पुस्तक ओढलं. पूर्ण फेड लिहिली, खाली लिहिलं, 'दंड माफ'.

"दंड नव्हताच, तर माफ काय केला? खोडा ते," मी म्हणालो.

"चला जी आता," बायको दोरा तोडत म्हणाली. "अजून अकरा शिवाचे आहेत."

मी पावती घडी करून खिशात टाकली आणि रिक्षा बघायला बाहेर पडलो. ते दोन शब्द मला अजून मान्य नाहीत.