तीन बुटक्या पायऱ्या

ओजिमातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त जपानी सुतार राहायचे. भेटले की मान झुकवायचे, पण शब्द क्वचितच निघायचा. आपल्या छोट्या ट्रकवर त्यांनी लाकडी खोली बांधली होती. दर रविवारी पार्किंगमध्ये ते तिच्यात एकटेच चहा पीत बसायचे.

त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं, "त्या मोठ्या भूकंपानंतर मला घरात झोपच येईना. मग महिनाभर आम्ही तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांपाशी ट्रकमध्येच राहिलो. वीज नाही, नळ नाही. तिथे हे किती बोलायचे!"

"पुन्हा नाही गेलात?"

"आता गुडघ्यांमुळे ट्रकमध्ये चढवत नाही. ह्यांनी कधी आग्रहही केला नाही."

एका सकाळी ते खोलीच्या दाराला तीन बुटक्या पायऱ्या आणि कठडा ठोकत होते. थोड्या वेळाने बाई रजया घेऊन आल्या, कठडा धरून सावकाश चढल्या. सुतारांनी पाण्याचे कॅन आत ठेवले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाणी संपेपर्यंत," ते म्हणाले.

ट्रक वळणाआड गेला. पुण्यात अजून उजाडलं नव्हतं, तरी मी बायकोला फोन लावला.

"काय झालं रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "बोल ना काहीतरी."