प्लगच्या कव्हरातला उजेड आणि माझी दहावी

परवा लेकीने नव्या घरासाठी प्लगवर बसवायची कव्हरं मागवली. आतच बारीक दिवा असलेली. मला दाखवून म्हणाली, "आई, बघ ना, काय भारी नवीन आलंय"... म्हटलं, डोंबलाचं नवीन. आमच्या भांडुपच्या खोलीत हे ऐंशीच्या दशकातच होतं, आणि त्याच्या उजेडात मी दहावीचा अभ्यास केला.

एकच खोली, त्यातच मोरी. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, तेव्हापासून ते जवळच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होते... कायमची नाईट शिफ्ट. त्याच प्रेसवर त्यांच्या आधीच्या माणसाची दोन बोटं गेली होती. पहाटे डुलकी लागली, एवढंच निमित्त.

त्यामुळे बाबांची दिवसाची झोप आमच्या घरात देवपूजेच्याही वर. सकाळी आठ वाजता खिडकीवर गोधडी, दार लोटलेलं... आई माझ्या रांगत्या भावाला घेऊन शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायची.

वाट लागली ती माझी. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, शाळा दुपारची. रात्री दिवा लावला तर भाऊ उठून बसायचा, दिवसा लावला तर बाबांची झोपमोड, आणि बाहेर चाळीचा गलका. मी एकदा सरळ सांगून टाकलं की मला हे जमणार नाही... रागात बोलले, पण बोलले.

 रविवारी बाबा प्लायवूडचा तुकडा घेऊन बसले. जमिनीलगतच्या प्लगमध्ये भाऊ बोटं घालायचा, म्हणून त्यावर झाकण करायचंच होतं... त्या झाकणातच त्यांनी झिरोचा बल्ब बसवला आणि खालच्या बाजूला एक फट ठेवली.

उजेड फक्त खाली पडायचा, फरशीवर, जेमतेम वहीएवढा. फिनिशिंग म्हणाल तर भयाण. पण बाकी खोलीत काळोख तसाच राहायचा.

मग मी रोज तिथे पालथी पडून वाचायचे. बाबा भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन पडलेले. पुटपुटल्याशिवाय मला काही पाठ होत नाही, ही जुनी खोड... पण अगदी हळू पुटपुटायचे, आणि बाबा कधी हलायचेसुद्धा नाहीत. आपण त्यांची झोप किती जपतो, याचं मला फार कौतुक वाटायचं. स्वतःचंच कौतुक, अर्थात.

इतिहासाच्या पेपरच्या दिवशी बाबा ड्यूटीवरून आले आणि न झोपताच माझ्याबरोबर निघाले. आई नको नको म्हणत होती. सेंटर मुलुंडला होतं. शाळेच्या गेटपाशी पोहोचलो आणि माझं डोकं एकदम कोरं झालं... औद्योगिक क्रांती आधी इंग्लंडमध्येच का झाली, पाच कारणं. एकही आठवेना. मी रडायच्या बेतात.

बाबा चौथी शिकलेले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्त्याकडे बघत सुरुवात केली. "एक, कोळसा आणि लोखंड. दोन, भांडवल. तीन, वसाहतींची बाजारपेठ." मग माझ्याकडे वळले. "चौथं तू रोज गाळतेस. स्वस्त मजूर."

 पाचवं त्यांनी सांगितलं की माझं मलाच आठवलं, ते आता सांगता येणार नाही. पण माझी वही त्यांनी कधी हातातही घेतली नव्हती... म्हणजे हा माणूस दोन महिने चादरीखाली जागा होता, आणि रात्री जाऊन त्या प्रेसखाली हात घालत होता. 

पेपर चांगला गेला. घरी आल्यावर मात्र मी भांडलेच, की तुम्ही झोपत का नाही. तर म्हणे, "झोपतो गं. तुझी बडबड चालू असली की बरी झोप लागते. गिरणीत साचे, म्हणजे माग गं, चालू असताना डोळा लागायचा, बंद पडले की जाग यायची. तसंच हे."

म्हटलं, मग चौथं कारण कसं कळलं? त्यावर त्यांनी कूस बदलली.

दोन दिवसांनी भूगोल होता. मी ठरवलं, काही झालं तरी ओठ हलवायचे नाहीत. मार्क गेले खड्ड्यात, पण बाबांना झोप मिळाली पाहिजे. तोंड घट्ट मिटून वाचत बसले... दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. चादरीतून आवाज आला, "थांबलीस का गं?"

मग मी पुन्हा वाचायला लागले. जरा मोठ्यानेच. नद्या झाल्या, पिकं झाली, खनिजं सुरू केली... आणि बाबा चक्क घोरायला लागले. मी तो धडा तीन वेळा वाचला, थांबायची छातीच होईना.

रिटायर होईपर्यंत त्यांचे दोन्ही हात शाबूत राहिले, याबद्दल ज्या कुणाचे आभार मानायचे असतात त्याचे मी मनापासून मानते. दहावीच्या मार्कशीटवर मात्र माझं एकटीचंच नाव आहे... ते मला आजही अर्धवट वाटतं.