टुटू, नायलॉन आणि आमचा स्टोव्ह

“हौस नडली” असं कुणी एखाद्या बाईबद्दल बोललं की माझं टाळकं सरकतं. आजही सरकतं. समोर कोण आहे, वयानं केवढं आहे, मी बघत नाही. त्याला कारण आमची वहिनी आणि पॅरिसच्या नाचणाऱ्या पोरी.

दिवाळीच्या तोंडावर वहिनीला भाजलं. स्वयंपाकघरात स्टोव्ह जमिनीवर, समोर पाटावर बसून ती चकल्या तळत होती. अंगावर फिकट गुलाबी नायलॉनची साडी. सत्तरच्या आसपासची ती वर्षं, ज्या बाईला परवडेल ती नायलॉन नेसायची. मागचा डबा घ्यायला ती वळली आणि पदर स्टोव्हवर गेला. आईनं घोंगडं टाकून विझवलं म्हणून वाचली, ते मी कधी नाकारणार नाही. पण उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत होरपळला तो होरपळलाच.

दवाखान्यात बघायला येणारी प्रत्येक बाई खाटेशी बसून तेच म्हणायची. नायलॉन नेसायची हौस नडली बघा. मोसंबी ठेवायची आणि तेच म्हणायची. वहिनी कागलला माहेरी जाऊन बरी होऊन परत आली, तोवर घरात निकाल लागलेला होता. आईनं तिच्या सगळ्या नायलॉनच्या साड्या ट्रंकेत घातल्या, जाड सुती लुगडी काढली, मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून आणली. पूर्वी वहिनी हसली की गल्लीच्या टोकाला तालमीत ऐकू जायचं. आता दाराबाहेर पाऊल टाकेना. मी काही बोलायला गेले की, “माझीच चूक हाय वन्सं, जाऊ द्या की,” म्हणून भांडी घासायला बसायची.

आणि स्टोव्ह? स्टोव्ह होता तिथंच. जमिनीवर. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही.

मी तेव्हा मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. तिथल्या ग्रंथालयात रंगभूमीवरच्या पोशाखांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुणीतरी दान दिलेलं आणि कुणीच न उघडलेलं. मोकळ्या तासाला मी ते चाळत होते. त्यात बॅलेच्या नर्तकींच्या झग्यावर, म्हणजे टुटूवर, अख्खं प्रकरण. पहिली चार पानं मजेत वाचली. पाचवं पान मी दोनदा वाचलं.

नेमकं त्याच सुमारास गल्लीतल्या महिला मंडळानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. विषय तुमच्या आवडीचा, म्हणाल्या. मी म्हटलं, ठरला. वहिनीला सांगितलं, तू येत नसशील तर मीही जात नाही, मंडळाला काय सांगायचं ते तू सांग. ती आली. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून शेवटच्या बाकावर बसली.

पालिकेच्या शाळेचा वर्ग होता. पोरांच्या बाकांवर बायका कशाबशा मावलेल्या, हातात वाणाच्या वाट्या. मी टुटू म्हटल्याबरोबर सगळा वर्ग खो खो हसला. “अगं बया, हे काय कुत्र्याच्या पिल्लाचं नाव हाय व्हय?” पुस्तकातली चित्रं फिरवली तर अजूनच दंगा. मी सांगत गेले. शंभर-सव्वाशे वर्षांमागं हा झगा पोटऱ्यांपर्यंत लांब होता, पांढऱ्या मलमलीसारख्या कापडाचे थरावर थर, घंटेसारखा फुगलेला. नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहायला शिकल्या होत्या. एवढी वर्षं घासून कमावलेलं काम घोळात झाकून कसं चालेल? म्हणून घोळ वर सरकला. पुढं गिरक्या वाढल्या, उड्या वाढल्या, तसा तो आणखी वर गेला आणि शतक संपेपर्यंत गुडघ्याच्याही वर, आणि पुढं ताटासारखा कडक, आडवा झाला.

“बघणाऱ्यांची सोय झाली की,” एक म्हातारी म्हणाली.

“पुढच्या रांगेत शेठलोक बसायचेच,” मी म्हटलं. “पण झगा वर गेला तो त्या पोरींच्या कामापायी. पैलवान धोतर नेसून खेळतो का? त्याला कुणी विचारत नाही मांड्या का दाखवतोस म्हणून!”

बायका हसल्या, एकदोघींनी टाळी पण दिली. मग मी पाचव्या पानावर आले. पॅरिसच्या थिएटरात तेव्हा गॅसचे दिवे, उघड्या ज्योतीचे. एक रांग रंगमंचाच्या कडेला खाली, पायांपाशी, आणि काही बाजूच्या पडद्यांत. त्या उजेडात पांढरा झगा चांदण्यासारखा दिसायचा. आणि ज्योतीला नुसता लागला तरी भडकायचा. किती पोरी जळल्या. मग मालक लोकांनी तोड काढली की झगे तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवा, म्हणजे पेट घेत नाहीत. पण तसं कापड मळकट दिसायचं, ताठरायचं, तरंगायचं नाही. पोरी नको म्हणाल्या. त्यातली एक फार गुणी नर्तकी, ऐन उमेदीतली, तालमीच्या वेळीच पेटली आणि कित्येक महिने तळमळून गेली.

अध्यक्षीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, “हौस नडली की बिचारीची.”

झालं! माझा तोल गेला. मी पुस्तक टेबलावर आपटलं. “कसली हौस? तिचं पोट होतं त्या नाचावर! कापड पेटतं हे मला कळत नाही असं नाही. पण दिवे कुणी लावले होते? त्यांच्यावर जाळी का नाही घातली? दिवे आहे तिथंच राहणार, आणि बाईनं मात्र स्वतःला तुरटीत बुडवून घ्यायचं?”

अध्यक्षीणबाई हळदीकुंकवाची करंडी उगीचच सारखी करत बसल्या. तेवढ्यात मागून आवाज आला. वहिनीचा.

“वन्सं, ते दिवे खाली होते म्हणालासा न्हवं?”

“हो. पायांपाशी.”

“आमचा स्टोव्ह बी खालीच हाय,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, वर्गाकडं बघत, “तुम्हा सगळ्यांचा बी खालीच असंल.”

घरी येताना तिच्या चालण्यात अशी घाई होती की मला मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सोप्यातला दादाचा लाडका रेडिओ टेबलावरून उतरून स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेला, आणि त्या टेबलावर स्टोव्ह. रस्त्याकडचं दार सताड उघडं. वहिनी पदर खोचून उभ्यानं भाकरी थापत होती. येणारेजाणारे मान वळवून बघत होते. दादा तोंडाला साबण लावलेला तसाच आला. “माझा रेडिओ?”

“खाली हाय. त्याला पदर न्हाय, त्याला चालतंय.”

आईनं आकाशपाताळ एक केलं. बाहेरच्या सोप्यात कुणाची सून रांधते? लोक शेण घालतील तोंडात! वहिनी म्हणाली, “ओटा बांधा आत्याबाई, लगेच आत जाते.” दादा म्हणाला, उन्हाळ्यात बघू. “मग उन्हाळ्यापर्यंत हितंच,” म्हणून तिनं भाकरी उलटली. मी तिच्या शेजारी उभी राहून कांदा चिरायला घेतला. असा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता!

सोप्यात आलेल्या माणसाला आमटीची फोडणी अंगावर घेतच बसावं लागायचं. दादाचे मित्र यायचे बंद झाले. शेवटी गवंडी आला, शहाबादी फरशीचा ओटा झाला. आई त्यावरून हात फिरवत पुटपुटली, “झालं ना तुझ्या मनासारखं? आता तेवढी नायलॉनची हौस सोड म्हंजे झालं.”

“साडी मी पसंत केलेली, आत्याबाई,” वहिनी म्हणाली. “स्टोव्हची जागा मला कुणी विचारली न्हवती.” आई ओटा पुसत राहिली.

त्या रविवारी वहिनीनं ट्रंक उघडून पिवळी नायलॉनची साडी काढली. पोलकं आखूड बाह्यांचं, जुनं. आम्ही दोघी सिनेमाला निघालो. बसथांब्यावर एक अनोळखी बाई तिच्या हाताकडं टक लावून बघत होती. शेवटी राहवेना तिला. “काय झालं ओ हाताला?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वहिनीनं मला गप्प केलं. तालमीत ऐकू जाईल अशा तिच्या जुन्या आवाजात ती म्हणाली, “भाजलंय. आमच्यात स्टोव्ह जमिनीवर ठेवत होते.” मग त्या बाईच्या आणखी जवळ सरकून तिनं विचारलं, “तुमच्यात कुठं असतोय?”